चौदा दिवसांची रजा आणि नाकाखालची जागा

मार्चअखेर म्हणजे सरकारी कार्यालयात माणूस माणसात नसतो. अशाच एका दुपारी मी टेबलासमोर उभ्या असलेल्या एका आजोबांवर ओरडले. एका दाखल्यासाठी ते तिसऱ्यांदा आले होते. चूक त्यांची नव्हती. फाइल आमच्याकडूनच भलत्या शाखेत जाऊन बसली होती. "रोज रोज चकरा मारून काम लवकर होत नाही," असं मी म्हटलं, आणि असल्या आवाजात म्हटलं की पलीकडच्या दोन टेबलांवरचं बोलणं थांबलं. आजोबा चिडले नाहीत. पिशवी उचलत म्हणाले, "बाई, पाणी प्या जरा." आणि गेले.

त्या रात्री झोप लागली नाही. खरं सांगायचं तर वर्षभर ती धड लागतच नव्हती. पहाटे तीनला जाग यायची, मग पंख्याकडे बघत उद्या कोणती फाइल कुणाकडे अडली आहे याची उजळणी. रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. डॉक्टर दर वेळी "ताण कमी करा" म्हणायचे आणि मी दर वेळी "हो" म्हणायचे. पुढे आम्हा दोघांनाही काही सुचायचं नाही.

मी सत्तेचाळीस वर्षांची, डोंबिवलीत राहते, ठाण्यात वरिष्ठ लिपिक आहे. ध्यानाचा माझा अनुभव म्हणजे मोबाइलमधलं एक अ‍ॅप. त्यात झऱ्याचा आवाज होता. चार दिवस ऐकला. शांत वाटण्याऐवजी बाथरूमला जावंसं वाटायचं. अभिलेख कक्षातली एक मैत्रीण दोनदा इगतपुरीला विपश्यनेला, म्हणजे दहा दिवस मौन पाळून करायच्या ध्यान शिबिराला जाऊन आली होती. ती म्हणाली, "जा. पण आराम करायला चालले आहे असं समजून जाऊ नकोस, मला शिव्या देशील."

११ मे रोजी अर्ज भरला. अर्ज ऑनलाइन असतो, पैसे कुठेच मागत नाहीत. पण प्रश्न भरपूर. शारीरिक आजार, मानसिक आजार, चालू असलेली औषधं, व्यसन, आधी कुठली साधना करत होता का. रक्तदाब लिहावा की नाही यावर मी दहा मिनिटं घालवली, कारण वाटलं नाकारतील. मग लिहिला. इथे कुणी अर्ज भरणार असेल तर एक सांगते, काही लपवू नका. विशेषतः नैराश्य, फिट्स, मनोविकाराच्या गोळ्या असं काही असेल तर अर्जात लिहा आणि आपल्या डॉक्टरांनाही विचारा. दहा दिवस स्वतःच्या मनासोबत कोंडून घेणं प्रत्येकाला त्या वेळी झेपेलच असं नाही, आणि तिथे जाऊन गोळ्या बंद करणं तर मुळीच नको. मला एक मेल आला: गोळ्या चालू ठेवा, सोबत पुरेशा आणा. मात्र जागा नव्हती. प्रतीक्षा यादी.

२ जुलैला जागा मिळाल्याचं कळलं. ३ ऑगस्टला दुपारी हजर व्हायचं, १४ तारखेला सकाळी सुट्टी. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण घरातून बाहेर बारा दिवस मोजायचे. येणार असल्याचं पुन्हा एकदा कळवावं लागतं, ते विसरू नका. जागा याच गोष्टीवरून जाते आणि मग लोक म्हणतात नशिबात नव्हतं.

आता रजा. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी चौदा दिवसांपर्यंत परिवर्तित रजा मिळू शकते, तसा शासन निर्णय आहे. हे आमच्या आस्थापना शाखेत कुणालाच माहीत नव्हतं. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, तीर्थयात्रेला रजा नसते." मी शासन निर्णयाची प्रत, शिबिराच्या पुष्टीचं पत्र आणि अर्ज असं जोडून आवकमध्ये दिलं, पोच घेतली. टिपणी वर गेली, खाली आली, "तपासून सादर करावे" असा शेरा घेऊन आली. परिवर्तित रजा म्हणजे अर्धपगारी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा, चौदाचे अठ्ठावीस. माझ्या खात्यात होते. साहेबांनी तोंडी सांगितलं, "जाऊन या, आदेश निघेल." ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना "आदेश निघेल" या शब्दांचं वजन माहीत आहे.

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "दहा दिवस बोलायचं नाही? तू?" एवढंच म्हणाल्या आणि हसायला लागल्या. नंतर हळूच विचारलं, "जपमाळ नेता येते का?" येत नाही. तिथे असेपर्यंत जप, पूजा, उपास, बाकीचं ध्यान, सगळं बाजूला ठेवायला सांगतात. एकच पद्धत नीट करून बघा, मग ठरवा, असा त्यांचा मुद्दा. सासूबाईंना ते पटलं नाही. मला अर्धं पटलं.

मुलगा दहावीत. तो म्हणाला, "आई, नाकाखाली बघायचं ना? आम्हाला शाळेत होतं ते, दहा मिनिटं. आम्ही झोपायचो." मित्र उपक्रम या नावानं राज्यातल्या शाळांतून मुलांना आनापान, म्हणजे नुसता श्वास बघत बसणं, शिकवतात हे मला तेव्हा कळलं. म्हणजे घरात एक अनुभवी माणूस होता.

सामानात सैल पंजाबी ड्रेस चार, दोन नवे घेतले त्याचे सातशे रुपये. दोन चादरी, बॅटरी, छत्री, काट्यांचं साधं घड्याळ, कुलूप, ओडोमॉस, गोळ्या, एक स्वेटर. ऑगस्टात इगतपुरीला कपडे वाळत नाहीत, म्हणून लवकर सुकणारे घ्या. माझे सुती कपडे तिसऱ्या दिवसापासून कुबट वास मारत होते. वही, पेन, पुस्तक काही न्यायचं नाही. दागिने घरी ठेवले.

३ ऑगस्टला सकाळी कसारा लोकल धरली. आसनगावनंतर डबा रिकामा झाला आणि पाऊस आत यायला लागला. कसाऱ्याला उतरून शेअर जीप. घाटात पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त ढग आणि ट्रकचे लाल दिवे. जाण्यायेण्याचा सगळा खर्च तीनशेच्या आत. इगतपुरी स्टेशनकडून धम्मगिरी, म्हणजे शिबिराचं केंद्र, फार लांब नाही, सामान कमी असेल तर चालत जाता येतं. मी रिक्षा केली.

नोंदणीला रांग होती. पुन्हा एक फॉर्म, पुन्हा तब्येतीचे प्रश्न, नियमांवर सही. पंचशील पाळायचं: हिंसा नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. मोबाइल, पाकीट जमा, त्याची पावती. मोबाइल बंद करण्याआधी मी नवऱ्याला शेवटचा मेसेज केला तो असा: "गॅसचा नंबर लावला आहे. दूधवाल्याला ७ तारखेला सांगा." लग्नाला बावीस वर्षं झाली की असंच होतं.

संध्याकाळी हलकं जेवण, मग सूचना, आणि त्यानंतर आर्य मौन. बोलणं तर नाहीच, पण खुणा नाहीत, नजरेला नजर देणंही टाळायचं. अडचण असेल तर धम्मसेविकेशी, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्या बाईंशी, बोलता येतं, आणि दुपारी बारा ते एक सहायक आचार्यांना साधनेबद्दल विचारता येतं. बायका-पुरुषांची राहण्याची, जेवण्याची सोय पूर्ण वेगळी. खोलीत आम्ही दोघी होतो. ती दुसरी बाई माझ्याच वयाची, काटक, डोक्याला रुमाल बांधलेली. नाव विचारायच्या आत मौन सुरू झालं.

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. आठ ते नऊ सामूहिक, पुन्हा अकरापर्यंत ध्यान. अकराला जेवण. एक ते पाच ध्यान. पाचला चहा, चुरमुरे आणि फळ, आणि नव्या साधकांचं तेच रात्रीचं खाणं. आधी शिबिर केलेल्या जुन्या साधकांना तेवढंही नाही, लिंबूपाणी. सहा ते सात पुन्हा सामूहिक, सात वाजता सत्यनारायण गोयंकांचं (ही शिबिरं त्यांच्याच पद्धतीनं चालतात) ध्वनिमुद्रित प्रवचन, नऊनंतर झोप. दिवसाला साधारण दहा तास बसणं होतं. सरकारी नोकरीत इतके तास खुर्चीवर काढलेली मी, मला वाटलं बसणं तर आपल्याला येतं.

पहिले साडेतीन दिवस आनापान. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नाकाच्या दारात बसून बघायचा. दीर्घ घ्यायचा नाही, मोजायचा नाही, कुठला शब्द जोडायचा नाही. ऐकायला इतकं सोपं की अपमान वाटावा. मी पहिल्या सकाळी घड्याळ लावून पाहिलं. तीन श्वासांच्या पुढे मी टिकत नव्हते. चौथ्या श्वासाला मी गॅसच्या नंबरावर. मग परत. मग जुन्या एका वॉशिंग पावडरच्या जाहिरातीचं गाणं सुरू झालं आणि दोन दिवस थांबलं नाही. हे सांगते अशासाठी की लोक विचारतात "विचार बंद कसे केलेस?" बंद झालेच नाहीत. मन पळालं हे लक्षात येणं आणि राग न धरता परत नाकापाशी येणं, तेवढंच काम असतं. गोयंका हिंदीत सांगतात, पुन्हा सुरू करा. ते दिवसातून किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही.

दुसऱ्या दिवशी लक्ष द्यायची जागा नाक आणि वरचा ओठ एवढ्या त्रिकोणाची, तिसऱ्या दिवशी आणखी छोटी, नाकपुड्यांच्या खाली, मिशी येते ती जागा. तिथे काय होतं ते बघा. खाज, ऊब, गारवा, काहीही. तिसऱ्या दिवशी दुपारी मला तिथे बारीक मुंग्या आल्यासारखं जाणवलं आणि मी इतकी खूश झाले की ते लगेच गेलं.

गोयंकांची प्रवचनं हा दिवसातला एकच करमणुकीचा भाग. माणूस मिश्कील. ब्रह्मदेशात मंडालेला १९२४ साली जन्म, घर कर्मठ, धंदा मोठा, आणि डोकेदुखी अशी की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे डोकं बरं करायला गेले, तर त्यांनी शिकवायलाच नकार दिला. आजार घालवायला येत असाल तर येऊ नका, मन शुद्ध करायला या. मला जास्त आवडले ते हे ऊ बा खिन. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल! सरकारी हिशेब सांभाळता सांभाळता त्यांनी आपल्याच कार्यालयात ध्यान शिकवायला सुरुवात केली. आमच्या कार्यालयात कुणी असं केलं तर आधी टिपणी मागतील. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं. धम्मगिरीला शिबिरं १९७६ पासून. ते २०१३ मध्ये गेले, पण आवाज रोज संध्याकाळी हॉलमध्ये असतो. पहाटेचं त्यांचं पालीतलं पठण पहिले चार दिवस मला कंटाळवाणं वाटलं, नंतर सवयीचं झालं. प्रवचनातलं सगळं पटलं असं नाही. पुढच्या-मागच्या जन्मांचा विषय आला की मी मनातल्या मनात खिडकीबाहेर बघायचे.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत शरीराचा एकेक भाग मनानं तपासत जायचं, जिथे जी संवेदना असेल ती बघायची, हवीहवीशी असली तरी धरायची नाही, नकोशी असली तरी ढकलायची नाही, कारण दोन्ही जाणारच आहेत. अनित्य. त्यानंतर रोज तीन सामूहिक बैठकी अधिष्ठानाच्या: तासभर हात-पाय सोडायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. कुणी दंड करत नाही, ठरवायचं आपलं आपण.

माझा डावा गुडघा. पाचव्या दिवशी सकाळच्या बैठकीत पस्तीसाव्या मिनिटाला (घड्याळ बघायचं नसतं, पण शरीराला कळतं) तिथे कुणी तापलेली सळी ठेवल्यासारखं झालं. मी पाय सोडला. दुपारी परत सोडला. रात्रीच्या बैठकीत सोडायच्या आधी म्हटलं, जरा बघू तरी हे आहे काय. तर ते एक दुखणं नव्हतंच. मध्ये एक गरम ठिपका, त्याच्याभोवती ठणका, ठणक्याला ताल, आणि बाहेरच्या कडेला नुसता ताण. आणि सगळ्यात वर माझी भीती, की हे आता वाढणार. भीतीच जास्त दुखत होती. दुखणं गेलं नाही. पण तास संपला तेव्हा पाय तिथेच होता. सहाव्या दिवशी पुन्हा जमलं नाही, सातव्याला जमलं. ज्यांचे गुडघे खरोखर खराब आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी आचार्यांना सांगून खुर्ची किंवा पाठीला टेका मागावा. माझ्या पुढच्या ओळीत एक आजी खुर्चीवर बसायच्या आणि आमच्या सगळ्यांपेक्षा स्थिर बसायच्या.

आता खिडकीची गोष्ट. खोलीला एकच खिडकी, माझ्या पलंगाच्या पायाशी. पहिल्या संध्याकाळी खोलीत कोंदट वास होता म्हणून मी ती पाच मिनिटं उघडली होती. दुसऱ्या रात्रीपासून ती बाई झोपायच्या आधी न चुकता उठायची, खिडकी उघडायची आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन डोक्यावरून पांघरूण घ्यायची. तुषार माझ्या चादरीवर. मी मध्यरात्री उठून खिडकी लावायचे. पहाटे नाश्त्याहून येऊन बघते तर पुन्हा उघडी. बोलायचं नाही, नजर द्यायची नाही. धम्मसेविकेला सांगता आलं असतं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी काय सांगायचं म्हणून सांगितलं नाही, आणि मग एवढ्याशा गोष्टीनं माझे सहा दिवस खाल्ले. मी त्या बाईचा पूर्ण इतिहास रचला. माहेरी लाडावलेली असणार. घरात सुनेला छळत असणार. चहाच्या रांगेत ती केळं निवडून घ्यायची, तेही मी पुराव्यात जोडलं. अधिष्ठानात बसून मी तिला सुनवायची वाक्यं जुळवत होते, चांगली, धारदार, आमच्या साहेबांनाही ऐकवता येतील अशी.

सहाव्या दिवशी दुपारी मी आचार्यांकडे गेले आणि म्हटलं, मला घरी जायचं आहे. कारण विचारलं. गुडघा म्हटलं, मुलाची दहावी म्हटलं, खिडकी म्हटलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणाल्या, "राग आल्यावर शरीरात कुठे काय होतं ते बघितलंत का?" मी रागाचं नाव काढलं नव्हतं. परत येऊन बसले. खालून कसारा घाट चढून येणाऱ्या गाडीची शिट्टी आली. मालगाड्या, मेल, एक्स्प्रेस, दिवसभर येत असतात. घाट चढायला मागून जादा इंजिन जोडलेलं असतं. त्या दिवशी प्रत्येक शिट्टीला वाटायचं, आत्ता निघाले तर संध्याकाळी घरी. तरी बघितलं. खिडकीची आठवण काढली आणि वाट पाहिली. आधी कान गरम झाले. मग घशाखाली काहीतरी आवळलं. मग पोटाच्या वर एक गोळा. वाक्य जुळायला लागलं ते या सगळ्यानंतर. म्हणजे माझी धारदार वाक्यं डोक्यात तयार होतात असं मी इतकी वर्षं समजत होते, ती कानात तयार होत होती. आजोबांवर ओरडले त्या दुपारीही कान तापले असणार. मला तेव्हा ते कळलं नव्हतं, इतकंच.

मी थांबले. फार काही ठरवून नाही. बॅग भरायचा कंटाळा आला हेही एक कारण.

सात, आठ, नऊ या दिवसांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. आठव्या दिवशी सकाळी शरीरभर हलकी, वाहती अशी संवेदना आली, वीसेक मिनिटं. छान वाटलं. नवव्या दिवशी दिवसभर तिची वाट पाहिली, ती आली नाही, आणि दिवस फुकट गेला. काहींना पॅगोड्यातली शून्यागारं मिळतात, एका माणसापुरत्या अंधाऱ्या खोल्या. मलाही मिळालं. तिथे पहिल्या दुपारी मी गाढ झोपले. झोप ही ध्यानातली मोठी अडचण आहे, रागाहून मोठी. उपाय साधे: दुपारी जेवण अर्धपोटी, डोळ्यांवर गार पाणी, फारच पेंग आली तर बाहेर दोन फेऱ्या.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री शिकवतात, आपल्याला जे मिळालं ते सगळ्यांना मिळो, आणि मौन सुटतं. हॉलबाहेर असा गलका झाला की माझं डोकं दुखायला लागलं. खोलीत आले. ती बसली होती. लातूरकडची अंगणवाडी सेविका. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "ताई, तुम्हाला वाऱ्याची लईच सवय हाय का हो? मला सर्दीचा त्रास, पण पहिल्या दिवशी तुम्हीच खिडकी उघडली, तवा म्हटलं ह्यांना कोंडतंय. म्हणून रोज उघडून द्यायची. मग रात्री तुम्हीच लावायचा. मला काय कळंना." तिला सहा दिवस सर्दी होती. केळं निवडून घ्यायची कारण कच्चं केळं तिला बाधायचं. सून नाही, दोन मुली आहेत, एक नर्सिंगला. आम्ही दोघी पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

त्याच दिवशी दान देता येतं. आधी कुणी देऊ म्हटलं तरी घेत नाहीत. किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांचंच घेतात. म्हणजे माझ्या जेवणाचे पैसे आधी येऊन गेलेल्या कुणीतरी दिले होते. कुणी किती दिलं हे कुणी विचारत नाही. पावती मिळते. कार्यालयासाठी शिबिर पूर्ण केल्याचं पत्र मी तिथेच मागून घेतलं. सरकारी माणसांनी हे विसरून गाडीत बसू नये.

१४ ऑगस्टला सकाळी मोबाइल हातात आला. दोनशेच्या वर मेसेज, त्यातले काही कामाचे. नवऱ्यानं दूधवाल्याला सांगितलं नव्हतं. कान तापले, ते कळलं, आणि तरीही मी त्याला फोनवर दोन शब्द बोललेच. मात्र दोनच.

दुसऱ्या दिवशी ध्वजारोहणाला सात वाजता हजर. सगळे विचारत होते, "काय मॅडम, चेहऱ्यावर तेज आलंय." तेज नव्हतं, दोन किलो वजन कमी झालं होतं.

आता फायद्याचं. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. पहिले बारा दिवस मी बसले. मग गणपती आले, पाहुणे, मोदक, आणि सलग नऊ दिवस काही नाही. त्यानंतर सुरू करायची लाज वाटत होती, जणू कुणी हजेरी घेणार आहे. शेवटी सकाळी वीस मिनिटं असं ठरवलं, चहाच्या आधी, कारण चहानंतर घर जागं होतं. जागा तीच, चटई तीच, खाली घडी घातलेली चादर. कमरेखाली थोडी उंची आली की गुडघे कमी दुखतात. मोबाइल दुसऱ्या खोलीत, वेळेसाठी इगतपुरीचंच काट्यांचं घड्याळ. मन फार उधळलेलं असेल तर पूर्ण वेळ फक्त श्वास, बाकी काही नाही. आठवड्यातून दोनदा तासभर जमतं, रविवारी हमखास. लोकलमध्ये बसायला मिळालं तर डोंबिवली ते ठाणे आनापान. उभं राहून जमत नाही, कुणीतरी पायावर पाय देतं.

डिसेंबरमध्ये गोराईच्या पॅगोड्यात एक दिवसाच्या शिबिराला जाऊन आले. दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांसाठी ते असतं. बोरिवलीहून खाडीपर्यंत रिक्षा, मग बोट. एवढा मोठा घुमट आणि आत एकही खांब नाही. मान वर करून बघण्यातच माझी पहिली दहा मिनिटं गेली. गाडी रुळावरून घसरली असेल तर असा एक दिवस उपयोगी पडतो.

झोप सुधारली. तीनला जाग अजून येते, पण पडल्या पडल्या अंगावरून लक्ष फिरवायला लागले की बहुतेकदा गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत डोळा लागतो. गोळी चालूच आहे, तेवढीच. डॉक्टरांनी बदलली नाही आणि मीही मागितलं नाही. ज्यांना वाटतं की ध्यानानं गोळी सुटेल, त्यांनी तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा. राग येतो. फक्त कान आधी वर्दी देतात, आणि दहातून चार वेळा मी ती ऐकते. मुलाचं मत आहे की तीन वेळा.

त्या आजोबांची फाइल मी परत आल्यावर शोधली. मी इगतपुरीला असतानाच दाखला निघाला होता, जावक क्रमांकासह. ते येऊन घेऊनही गेले होते.

माझ्या रजेचा आदेश ९ जानेवारीला निघाला, म्हणजे परतल्यावर जवळपास पाच महिन्यांनी. तोवर त्या दिवसांची नोंद सेवापुस्तकात झालीच नव्हती. आस्थापनेतल्या त्या मुलानं प्रत आणून दिली. वाचली. विषयात लिहिलं होतं, "विपर्यास शिबिराकरिता परिवर्तित रजा मंजूर करणेबाबत."

कान तापले. दोन श्वास घेतले, नाकाखाली. मग त्याला बसवलं, पाणी दिलं आणि शुद्धिपत्रकासाठी अर्ज लिहून दिला. तो जाता जाता दारात थांबून म्हणाला, "मॅडम, मला पण झोप येत नाही हल्ली. तो अर्ज ऑनलाइनच असतो का?" मी त्याला अर्ज कसा भरायचा ते सांगितलं. शुद्धिपत्रक अजून आलेलं नाही.